ट्रेलरचं घर करायचं तर...

दोस्तांनो, मनवेलपाड्याहून विरार फाट्याला गेलात की अहमदाबाद महामार्गावर कंटेनरचे लांबलचक ट्रेलर दिसतात ना? जत्रेतल्या टुरिंग टॉकीजवाल्यांनी ट्रकातच प्रोजेक्टरची खोली केली. मग ट्रेलरमध्ये सहलीचं घर का नाही? ४० फूट लांब नि ८ फूट रुंद डबा म्हणजे खाटा, ओटा, मोरी, सगळं मावेल!

पण आधी वजनाचा हिशेब. ५०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ५०० किलो! ती उंचावर ठेवली, तर वळणावर गाडी कलंडायची भीती. म्हणून टाकी खाली, चाकांच्या जवळ.

सिलिंडरची तर जास्तच काळजी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि एक ठिणगी पुरते. तेव्हा झरोका छताला हवा, तसा तळाशीही हवाच. आणि गाडी चालू असताना मागच्या डब्यात कुणीही बसायचं नाही, बरं का!

आई-बाबांसाठी एक गोष्ट: गाडीच्या रचनेत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते. कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणलं आहे.

आता पट्टी घ्या. १ फुटाला १ सेंटिमीटर धरून आपल्या घराचा नकाशा काढा. टाकी कुठे ठेवाल?