खवले मांजराला अभयारण्याची सीमा पुरत नाही

गोव्यात वन्यजीव रक्षणाचा विषय निघाला की चर्चा वाघाभोवती आणि म्हादईच्या प्रस्तावित व्याघ्र प्रकल्पाभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. मात्र याच सह्याद्रीतील खवले मांजराच्या वाट्याला त्या चर्चेतील एखादे वाक्यही येत नाही.

नाव मांजराचे असले तरी मांजराशी त्याचे नाते नाही. दात नसलेला हा निशाचर प्राणी लांब, चिकट जिभेने मुंग्या व वाळवी टिपून जगतो. मादी सहसा एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. संकटाची चाहूल लागताच ते अंगाचा गोळा करते. बिबट्याच्या दातांपुढे ही युक्ती चालते. माणसापुढे तीच घात करते, कारण गोळा झालेले जनावर सरळ उचलून पोत्यात भरता येते.

ज्या खवल्यांसाठी हे चालते, ते आपल्या नखांसारखेच केराटिनचे असतात. पारंपरिक चिनी औषधांत त्यांना मागणी आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील साइट्स परिषदेत खवले मांजराच्या आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातील घटकांच्या यादीतून हे खवले वगळले. तरीही २०१८ ते २०२२ या काळात भारतात ३४२ जप्तींमध्ये १,२०३ खवले मांजरे तस्करीत सापडल्याचे ट्रॅफिक व डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांच्या अभ्यासात दिसते. हे केवळ पकडले गेलेले.

कायदा कमकुवत नाही. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून शिकारीला किमान तीन, कमाल सात वर्षे कारावास आहे. पण खवल्यांना लाखोंचा भाव मिळतो, ही कुजबुज कायद्याच्या आधी गावात पोहोचते. गिऱ्हाईक कोण, हेही ठाऊक नसलेला माणूस त्या आशेवर जनावर धरतो आणि गजाआड जातो. दलाल मात्र बहुधा नामानिराळा राहतो.

शिवाय हे जनावर राखीव वनापुरते राहत नाही. काजूच्या बागा, देवराया, वस्तीलगतचे डोंगरउतार येथेही ते बिळे करते. तेथे वनरक्षक क्वचितच फिरकतो. वावर असतो तो गावकऱ्यांचा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने हे ओळखले. २०२० मध्ये चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत मिरवली गेली. ज्याची पालखी निघाली, त्याला पोत्यात भरणे त्या गावात तरी सोपे राहिलेले नाही.

गोव्यात असे काही करायला वेगळे दैवत शोधण्याची गरज नाही. येथे सातेरी वारुळाच्या रूपातच पूजली जाते, आणि वारूळ हेच या प्राण्याचे अन्नछत्र. प्रश्न आहे तो गाभाऱ्याबाहेरच्या वारुळांचा. नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली डोंगरउतारांचे झोन बदलण्यावरून गावोगावी वाद पेटला आहे. त्या अर्जांवर हरकती नोंदवताना पाणी, रस्ता, कचरा यांचे मुद्दे येतात. उतारावरील बिळांची नोंद जैवविविधता समित्यांनी आताच केली, तर निदान तो मुद्दाही हरकतीत मांडता येईल.