शिकेकाईचा कैवार

जुनें तें सोनें म्हणणारे आणि जुनें तें टाकाऊ म्हणणारे, या दोन पक्षांचा तंटा आपल्या घरांत नित्य चालू असतो, आणि न्हाणीघरही त्यांतून सुटलेलें नाहीं. एका फळीवर शांपूची बाटली, दुसरीवर शिकेकाईचा डबा. आजीचा ओढा डब्याकडे, तर नातीचा बाटलीकडे. आमच्या मतें शिकेकाईचा पक्ष न्याय्य आहे. परंतु त्याच्या समर्थनार्थ जीं कारणें सामान्यतः पुढें केलीं जातात, तीं मात्र बहुधा लटकीं असतात. चांगल्या वस्तूचा लटक्या कारणांनीं केलेला कैवार शेवटीं त्या वस्तूलाच घातक होतो. म्हणून हा विषय विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

शिकेकाई ही सह्याद्रीच्या व दक्षिण भारताच्या रानांत झाडांवर चढणारी एक काटेरी वेल होय. नांव कानडी वळणाचें असून त्यांतील 'काई' म्हणजे फळ किंवा शेंग. रानांत राहणारीं अनेक कुटुंबें या शेंगा गोळा करून बाजारांत आणतात. रिठा हें एका मोठ्या झाडाचें फळ. त्या झाडाच्या कुळास लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें 18 व्या शतकांत 'सापिंडस' असें नांव दिलें. त्याचा अर्थच मुळीं 'भारतीय साबण' असा आहे. या दोहोंत आवळकाठी, नागरमोथा, कचोरा, गव्हला, वाळा, संत्र्याची वाळलेली साल, मेथी इत्यादींची भर प्रत्येक घर आपापल्या रीतीनें घालतें. परंतु मळ काढण्याचें मुख्य काम शिकेकाई आणि रिठा हीं दोनच करितात. इतरांचा उपयोग बहुतांशीं सुवासाकरितां किंवा केसांना मऊपणा यावा याकरितां असतो.

हें काम कसें होतें? शिकेकाईच्या शेंगेंत व रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांच्या कणाचें एक अंग पाण्याशीं सख्य करितें व दुसरें तेलाशीं. त्यामुळें केसांवरील तेल आणि त्यांत अडकलेली धूळ हीं सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. साबणाचें कार्यही याच तत्त्वावर चालतें. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. साबणाचें पाणी अल्कधर्मी असतें, आणि अशा पाण्यांत केसांवरील सूक्ष्म खवले उचलले जाऊन केस राठ व गुंतागुंतीचे होतात. उलट शिकेकाईचा काढा किंचित् आम्लधर्मी असल्यामुळें ते खवले बसते राहतात. शिवाय आपल्याकडील पुष्कळशा विहिरींचें पाणी जड असतें. त्यांतील चुन्याशीं साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. सॅपोनिनाचा तसा साका होत नाहीं. हें ऐकून विश्वास ठेवण्याची गरज नाहीं. दोन बाटल्यांत तेंच विहिरीचें पाणी घ्यावें, एकींत साबणाचा कीस व दुसरींत रिठ्याचें गाळलेलें पाणी घालून खूप हालवावें, आणि कोणत्या बाटलींत साका धरतो तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

आतां प्रतिपक्षाचेंही म्हणणें ऐकलें पाहिजे. आजचा शांपू म्हणजे साबण नव्हे. 1934 सालीं अमेरिकेंत कृत्रिम क्षालकाचा शांपू बाजारांत आला, आणि अशा शांपूचा जड पाण्यांतही साका होत नाहीं. तेव्हां शांपूला सरसकट विष म्हणणें हा अन्याय आहे. हा शब्दसुद्धां परका नाहीं. अंग चेपणें, चांपणें या अर्थाच्या हिंदी शब्दापासून तो निघाला, आणि पाटण्याच्या शेख दीन महंमदानें 19 व्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें स्नानगृह काढून त्याला तेथें प्रसिद्धि मिळवून दिली. शिवाय ज्या माउलीला पहांटे डबे करून कामावर जावयाचें आहे, तिनें रोज काढा उकळीत बसावें असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

शिकेकाईच्या अभिमान्यांनीं अतिशयोक्तीही सोडली पाहिजे. तिनें केस गुडघ्यापर्यंत वाढतात असें सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो मुळांशीं महिन्याला सुमारें 1 सेंटिमीटर वाढतो, आणि ती वाढ आहार, प्रकृति व आनुवंशिकता यांवर अवलंबून असते. शिकेकाई केस धुते. तेवढेंच तिचें काम, आणि तें ती उत्तम करिते. एकाएकीं केस गळूं लागल्यास शरीरांत लोहाची उणीव आहे कीं काय, हें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. उवा झाल्यास केस ओले करून बारीक फणी नेमानें फिरवावी. नुसत्या न्हाण्यानें त्या जात नाहींत.

परंतु खरा धोका आहे तो निराळाच. 'नैसर्गिक' आणि 'वनौषधीयुक्त' हे शब्द छापलेल्या पुड्यांचा बाजारांत सुळसुळाट झाला आहे. अख्खी शेंग हातांत घेतली तर ती किडकी कीं निरोगी, हें पोरसुद्धां सांगेल. पूड झाली कीं मोठे जाणतेही फसतात. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुडींत पॅराफेनिलिनडायामिन नांवाचें कृत्रिम रंगद्रव्य सांपडतें, आणि त्यानें कोणाकोणाच्या कातडीवर फोड येऊन तोंड सुजतें. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. ती काळी झाली कशी, हा प्रश्न विचारावयास शिकणें हेंच खरें शिक्षण. म्हणून आमची सूचना अशी कीं, घटक अख्खे घ्यावे, उन्हांत वाळवून डोळ्यांदेखत दळून आणावे, आणि पूड कोरड्या डब्यांत ठेवावी; ओल लागल्यास तिला बुरशी येते. घाई असल्यास दळणाचीही गरज नाहीं. शेंगा ठेचून, व रिठ्याची टणक बी काढून, रात्रीं भिजत घालाव्या, सकाळीं उकळून फडक्यांतून गाळाव्या, म्हणजे केसांत चोथा अडकत नाहीं. हें पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें. लहान मुलांना न्हाऊं घालतांना त्यांचे डोळे मिटलेले असावे.

विद्यार्थिमित्रांनो, आजीच्या डब्यांत केवळ पूड नसते. कोणती शेंग कोणत्या रानांतली, किती घ्यावी, केव्हां वाळवावी, हें अनेक पिढ्यांनीं पारखून ठेवलेलें ज्ञान त्यांत असतें. तें बहुधा कोठेंही लिहिलेलें नसतें, आणि एक पिढी विचारावयास विसरली कीं तें कायमचें नष्ट होतें. या सुट्टींत घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून त्या मिश्रणांतील प्रत्येक वस्तूचें नांव, प्रमाण व उपयोग वहींत लिहून ठेवा. आणि जें लिहाल त्याची शाळेच्या प्रयोगशाळेंत परीक्षाही पाहा. परीक्षेंत उतरेल तें ठेवा, न उतरेल तें खुशाल टाका. शिकेकाई जुनी आहे म्हणून नव्हे, तर पारखल्यावरही खरी उतरते म्हणून तिला न्हाणीघरांत मानाची जागा असावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.