वह्यांना इतिहासात जागा का नाही?
बेने इस्रायल म्हटले की कोकणातले ‘शनिवार तेली’ आणि १८८० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेली बायबलकथांची मराठी कीर्तने, एवढ्यावर बहुतेक लेखन थांबते. कीर्तनाच्या छापील पुस्तिका ‘साधने’ ठरतात. याच समाजातील स्त्रियांनी मेंदीसारख्या समारंभांत गायिलेली, हस्तलिखित वह्यांत जपलेली मराठी गीते मात्र ‘घरगुती’! ही वर्गवारी निव्वळ आळशी आहे. १९४८ नंतर अनेक वह्या कुटुंबांबरोबर इस्रायलला गेल्या. त्यांत शब्द आहेत. चाली (काही तर चक्क नाट्यगीतांच्या) वृद्ध गायिकांच्या स्मरणात. हिब्रूत वाढलेल्या नातवंडांना ती मराठी दुर्बोध. मराठी अभ्यासकांनी आधी ध्वनिमुद्रण करावे; वह्यांची सूची मागाहूनही करता येईल.