सायकल दुरुस्तीवाल्याला बैठकीला बोलवा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,


महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर केला. शहरभर एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग, सुरक्षित चौक, सायकलतळ असे पुष्कळ काही त्यात आहे. आराखडा चांगला आहे. सायकलस्वारांच्या बाजूने या शहरात 'परिसर'सारख्या संस्था कित्येक वर्षे चिकाटीने पाठपुरावा करत आल्या आहेत आणि त्यांचे ऋण आम्हा सायकलवाल्यांवर आहे. मी हे पत्र लिहितो आहे ते अंमलबजावणीच्या धामधुमीत कोणालाच आठवत नाही अशा एका माणसासाठी. पेठेतल्या बोळात, वस्तीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीलगत पाना आणि पंप घेऊन बसणारा सायकल दुरुस्तीवाला हा तो माणूस.

महापालिकेत सायकलींविषयी बैठक होते, तेव्हा बोलावणे संस्थांना जाते. नकाशे मांडले जातात, मार्गाची रुंदी ठरते. ते झालेच पाहिजे. पण शहरात सायकल चालवणारा मोठा वर्ग या संस्थांचा सभासद नाही. बांधकामावर जाणारा गवंडी, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पहाटे पेपर टाकणारा मुलगा आणि धुण्याभांड्याच्या कामावर सायकलने जाणारी बाई यांना बैठकीचे पत्र कधी येत नाही, आणि आले तरी कामाचा खाडा करून ते येणार नाहीत. २०११च्या जनगणनेत, देशभरात शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात असल्याचे दिसले. शौक म्हणून सायकल चालवणाऱ्यांची ही संख्या नव्हे.

या माणसांना रोज भेटणारा एकच जण आहे, तो म्हणजे दुरुस्तीवाला. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारा गिअरच्या सायकलवरचा स्वार आणि काळ्या दांडीच्या सायकलवर डबा अडकवून जाणारा मजूर हे दोघे शहरात जिथे शेजारी उभे राहतात, अशी जागा बहुधा त्याच्याच दुकानासमोर सापडते.

आणि त्याला रस्ता माहीत आहे. कोणत्या उतारावर पावसाळी गटाराच्या जाळीचे गज चाकाच्या दिशेने बसवले आहेत आणि त्यात टायर अडकतो, कुठल्या कामाची खडी रस्त्यावर तशीच पडून आहे, कोणत्या दुभाजकाच्या कडेने रिम वाकतात, हे त्याच्याकडे येणाऱ्या चाकांवरून त्याला कळते. एकाच भागातून आठवडाभर आउट गेलेली चाके यायला लागली, तर तिथे रस्त्याचे काहीतरी बिघडलेले असते. हे ज्ञान आज त्याच्या डोक्यात राहते, पथ विभागाच्या कागदावर येत नाही. सायकल संस्थांच्या कार्यकर्त्यांना अर्ज लिहिता येतात, माहिती अधिकार वापरता येतो, अंदाजपत्रक वाचता येते. या दोघांची गाठ घालून दिली, तर महापालिकेला कोणत्याही सल्लागार कंपनीकडून मिळणार नाही अशी माहिती दर महिन्याला मिळेल. पुण्यात २००६पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात भरायच्या त्या अर्जांत दुरुस्तीवाल्याने दाखवलेली प्रत्येक जाळी आणि प्रत्येक खड्डा संस्थांनी लिहून द्यावा, इतकी साधी ही सुरुवात असू शकते.

हा माणूस बाहेर ठेवून आपण काय गमावतो, ते शहराने पाहिले आहे. २०१७च्या डिसेंबरात विद्यापीठ आणि औंध परिसरातून भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. पुढच्या वर्षात आणखी कंपन्या आल्या. रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या, तरुण मुले हौसेने त्या चालवू लागली. मग मोडतोड झाली, काही सायकली चोरीला गेल्या आणि २०१९ संपता संपता त्यांतल्या बहुतेक रस्त्यावरून नाहीशा झाल्या. कंपन्यांची गणिते चुकली हे खरेच. पण देखभाल सगळी कंपन्यांच्या हाती होती, आणि ज्या चौकात सायकल मोडून पडली, तिथल्या दुकानदाराचा तिच्याशी कसलाही संबंध नव्हता. त्या सायकली वस्तीतल्या दुरुस्तीवाल्याच्या ताब्यात असत्या, त्यांच्या दुरुस्तीचा मोबदला त्याला मिळत असता, तर त्यांच्यावर कोणाची तरी नजर राहिली असती. पुन्हा अशी योजना आणायची असेल, तर ही अट निविदेतच असू द्या.

दुकान आणि संस्था एकत्र आल्यावर काय होते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण फ्रान्समधले आहे. २०२०च्या मे महिन्यात टाळेबंदी उठताना तिथल्या सरकारने योजना सुरू केली: घरात पडून असलेली सायकल दुरुस्त करून घ्या, ५० युरोपर्यंतचा खर्च सरकार देईल. योजना चालवायला दिली ती सायकल वापरणाऱ्यांच्या संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे जे एरवी सायकलमार्गांसाठी सरकारशी भांडत होते त्यांच्याकडेच. महासंघाने दुरुस्ती करणाऱ्यांची नोंदणी केली. त्यात व्यावसायिक दुकाने होती, तशा लोकांनी एकत्र येऊन चालवलेल्या, स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करायला शिकवणाऱ्या कार्यशाळाही होत्या. ग्राहकाच्या बिलातून रक्कम तिथल्या तिथे वजा व्हायची आणि दुकानाला ती नंतर मिळायची. वर्ष संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या. एवढ्या सायकली नव्याने विकत घेऊन वाटायच्या म्हटल्या असत्या, तर खर्च किती आला असता?

आपण युरोत बोलायची गरज नाही. महापालिकेच्या शाळांमधल्या मुलांच्या सायकलींपासून सुरुवात करा. जून महिन्यात शाळेच्या आवारात एक दिवस संस्थांचे स्वयंसेवक आणि त्याच भागातले दोन-तीन दुरुस्तीवाले बसतील, ब्रेकची रबरे बदलतील, चेनला तेल देतील, मुलांना पंक्चर काढायला शिकवतील. सामान आणि मजुरी महापालिकेने द्यावी. ज्या मुलीला ट्यूबला पॅच लावता येतो, तिची सायकल पंक्चर होऊन कोपऱ्यात धूळ खात पडत नाही. उद्या दुरुस्तीचा धंदा करायला तिला कोणी नाही म्हणणार नाही, आणि या धंद्यात नवी माणसे येण्याची फार गरज आहे. जुने कारागीर थकत चालले आहेत आणि त्यांची मुले बहुतेक दुचाकींच्या गॅरेजकडे वळतात, कारण पैसा तिथे आहे.

आता कायद्याचे बोलतो, कारण आपल्या हातात जे आहे ते इथे आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने पथविक्रेत्याच्या व्याख्येत वस्तू विकणाऱ्याबरोबरच रस्त्यावर लोकांना सेवा देणाराही धरला आहे. म्हणजे पदपथाच्या कडेला पंक्चर काढणारा कायद्याने संरक्षणाला पात्र आहे. पण सर्वेक्षणात नाव नसेल आणि प्रमाणपत्र हातात नसेल, तर तोच माणूस अतिक्रमण ठरतो. एका कारवाईत पंप, पाण्याची घमेली आणि पान्यांची पेटी गेली की त्याचा धंदा संपतो. ज्या सायकलमार्गासाठी आपण कोट्यवधी रुपये मागतो, त्या मार्गावर हवा भरायला एकही माणूस उरणार नसेल, तर तो मार्ग कोणासाठी?

याच कायद्याने नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष आयुक्त या नात्याने आपण स्वतः असता. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले आणि किमान १० टक्के स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे असावेत, असे कायदा सांगतो. संस्थांच्या नेमणुका राज्य सरकारच्या हातात असल्या, तरी आपली शिफारस तिथे मोलाची ठरेल. एका बाजूला दुरुस्तीवाल्यांचा प्रतिनिधी आणि दुसऱ्या बाजूला सायकल संस्थेचा, असे दोघे एका टेबलाशी बसले, तर या शहरात सायकलीविषयी पहिल्यांदा पूर्ण बोलणे होईल. महापालिकेच्या २०१६च्या रस्ता-रचना मार्गदर्शक सूचनांत पदपथालगत झाडे, खांब आणि विक्रेते यांच्यासाठी वेगळा पट्टा राखण्याची कल्पना आहेच. त्या पट्ट्यात दर काही अंतरावर दुरुस्तीवाल्यासाठी एक जागा आखली, तर ती पादचाऱ्यांच्या वाटेतही येणार नाही.

सायकल संस्थांमधल्या मित्रांनाही याच पत्रातून सांगतो की, आयुक्तांच्या उत्तराची वाट पाहू नका. आपापल्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांकडे जा, त्यांच्याजवळ बसा, त्यांचे पथविक्रेता प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्या. मागण्यांच्या पुढच्या निवेदनावर त्यांच्याही सह्या असू द्या.

आयुक्त महोदय, सायकलींविषयीची पुढची बैठक जेव्हा लागेल, तेव्हा निमंत्रितांच्या यादीत प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतल्या किमान एका सायकल दुरुस्तीवाल्याचे नाव घाला. बैठक दुपारी ठेवा, कारण सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दुकानापुढे गर्दी असते. आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी महापालिकेने द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पुणेकर सायकलस्वार