आधीच्या मिस्त्रीचा हात

एप्रिल-मे हा आपल्या धंद्याचा हंगाम. मृगाच्या आत शेत तयार करायचं असतं आणि नेमके त्याच दिवसांत तीस-चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर गॅरेजसमोर येऊन उभे राहतात. 'हेडचं पॅकिंग गेलंय, तेवढं टाकून द्या, उद्या न्यायचाय.' निदान गिऱ्हाइकानेच करून आणलेलं असतं. आपण ते मुकाट मान्य करतो आणि तिथेच फसतो.

जुनं इंजिन कंपनीने बांधलं होतं तसं उरलेलं नसतं. त्यावर चार-पाच मिस्त्र्यांचा हात फिरलेला असतो आणि त्यातल्या एकाशीही आपली ओळख नसते. आपल्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुका या आधीच्या हाताची दखल न घेतल्याने होतात, असं माझं मत आहे.

झेटर २५११ चंच घ्या. एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेटर बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये ट्रॅक्टरचं काम बंद करायचं ठरलं. पण आपल्याकडे ही गाडी अजून राबते आहे. तिचे लायनर पाण्यातले. लायनरची कॉलर ब्लॉकच्या तोंडापेक्षा केसभर वर उभी राहिली पाहिजे, तरच हेड तिच्यावर दाबून बसतं. मागच्या वेळी कुणी कॉलरची बैठक न खरवडता लायनर ठोकला असेल, किंवा खालची शिम हरवली म्हणून तसाच बसवला असेल, तर एक लायनर वर आणि दुसरा खाली राहतो. खालच्या लायनरभोवती पॅकिंगवर दाब येत नाही आणि ते जळतं. मग आपण नवं टाकतो, तेही जळतं. 'माल डुप्लिकेट' म्हणून दुकानदाराला शिव्या देतो आणि तिसऱ्या वेळी पान्याला पाइप लावून नट आवळतो. त्याने स्टड ताणले जातात, हेड वाकतं. हेड काढल्यावर ब्लॉकवर सरळपट्टी ठेवून डायल गेजने लायनरची उंची पाहिली असती, तर दहा मिनिटांत सगळं उघड झालं असतं. पुस्तकातलं माप हाताशी नसेल तर निदान सगळे लायनर एका उंचीत आहेत का, एवढं तरी कळतं.

थर्मोस्टॅटची गोष्ट याहून वाईट, कारण ती चूक आपल्याला चूक वाटतच नाही. 'आपल्या उन्हात कशाला हवा' म्हणून तो काढून फेकायची जुनी रीत आहे. डिझेल इंजिनाला गरम व्हावंच लागतं. ते थंड चाललं की डिझेल पुरतं जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा वेळेआधी झिजतात. ज्या रचनेत बायपास आहे तिथे तर थर्मोस्टॅट काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात फिरतं. म्हणजे गरम होऊ नये म्हणून केलेल्या उपायानेच इंजिन गरम होतं!

आट्यांबाबत थोडक्यात. मॅसीच्या ३५ घराण्यात आटे इंची, झेटरला मेट्रिक. अडीच-सूत इंचीच्या भोकात, म्हणजे ५/१६ मध्ये, ८ मिलिमीटरचा बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि मग जड होतो. तिथे थांबायचं असतं. पाना लांब करायचा नसतो.

क्लचप्लेटसाठी ट्रॅक्टर मधून सोडवताना पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायला विसरलात तर इंजिनाचा भाग मधल्या खिळीवर एका अंगाला कलंडतो. इथे नुकसान पैशात मोजता येत नाही. पोऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवा, पाने ओळखायच्याही आधी.

घाईचा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. तपासणीचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं आणि ते मागायला आपण लाजतो. ही लाज आता सोडावी. तपासणीची मजुरी वेगळी सांगा आणि पाटीवर लिहा.

दुसरं, काम संपल्यावर टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. तारीख, क्रँकला टाकलेलं बेअरिंग दहाचं की वीसचं, लायनरखाली शिम किती, थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही, एवढंच पुरे. खाली आपलं नाव घालायचं की नाही, ते ज्याने त्याने कामाकडे बघून ठरवावं.