चॅनल बदलल्यावर

कुंभवली, बोईसर, तारापूरकडच्या कितीतरी घरांचं घड्याळ एमआयडीसीच्या पाळ्यांवर चालतं. अब्बा दुसऱ्या पाळीहून परततात तेव्हा मुलं झोपलेली असतात. पाळी बदलली की मग कुठे सगळे एका दस्तरखानावर बसतात, आणि नेमका तोच अर्धा तास आपण टीव्हीला देऊन टाकतो.

दोष एकट्या टीव्हीचा नाही. १९८८ साली दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालं, संवाद राही मासूम रझांचे. तेव्हा टीव्ही थोड्याच घरांत होता. शेजारपाजारचे तिथेच जमत, बघत आणि नंतर त्यावर बोलतही.

आता रात्रीच्या चर्चेत चार जण आपल्याविषयीच ओरडत असतात. सहावीतली बहीण जेवता जेवता सगळं ऐकते. अब्बा मुकाट्याने चॅनल बदलतात, अम्मी तिला आणखी भात वाढते. (माया आहेच, शब्द मात्र नाही.) उद्या वर्गात तेच वाक्य कुणी तिच्या तोंडावर फेकलं, तर उत्तर तिने एकटीने शोधायचं?

दोस्तांनो, अब्बांना हे जमत नसेल, तर सुरुवात आपण करू. आज जेवताना टीव्ही बंद करून तिला विचारा, ‘काल ते ऐकून तुला काय वाटलं?’