किती लांब? दोन तास!

आपल्या कमलनगरात एखादे गाव किती लांब आहे असे विचारा, किलोमीटर फारसे कुणी सांगणार नाही. ‘दोन तास’ म्हणतील. कन्नडमध्ये ‘एष्टु दूर?’ विचारले तरी ‘एरडु तासु’ असेच उत्तर येते. तास हा शब्द इकडच्या दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे, आणि अंतर मोजायची ही रीतसुद्धा. तिला कुणी अडाणीपणा म्हणू नये.

नकाशावर पट्टी ठेवली तर बिदर ते कलबुर्गी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. पण रेल्वेने जायचे तर विकाराबाद, वाडी असा वळसा, म्हणजे तेलंगणात शिरून पुन्हा कर्नाटकात यायचे. ११० किलोमीटरचा थेट मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी खुला झाला तेव्हा हा वळसा वाचला. उच्च न्यायालयाचे पीठ कलबुर्गीला आले ते २००८ मध्ये. त्याआधी जमिनीच्या अपिलासाठी म्हाताऱ्या माणसालाही थेट बेंगळूर गाठावे लागे. वकिलाच्या फीइतकीच त्या वाटेची धास्ती असायची!

आता विमानांचे पाहा. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला, बिदरची प्रवासी सेवा ७ फेब्रुवारी २०२० ला. बिदर-बेंगळूर हवाई अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर, विमानाला तासाभराचे काम. बिदरहून एस.टी.ने कलबुर्गीला जायला याहून जास्त वेळ लागतो. राजधानी जवळ आणि शेजारी लांब, असा हा हिशेब. त्यातही बिदरची सेवा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालेली आहे. सेवा थांबली की तेच बेंगळूर परत एका रात्रीवर जाते. शहर जागचे हललेले नसते.

उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचेही असेच आहे. ग्रीनलँडचे नूक आणि कॅनडाचे इकालुइट यांच्यात सुमारे आठशे किलोमीटर समुद्र. दोन्हीकडे इनुइट लोक, भाषाही बहिणी-बहिणी. फक्त देश दोन. आपल्याला हे समजावून सांगायला नको. १९५६ पर्यंत उदगीर आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. नूक-इकालुइट थेट विमान २०१२ मध्ये सुरू झाले, काही वर्षांत बंद पडले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उडाले. थेट विमान असेल तर दोनेक तास. नसेल तर शेजारच्या गावाला जायला कधी उलट्या दिशेला साडेतीन हजार किलोमीटरवरचे कोपनहेगन, तिथून अटलांटिक ओलांडून कॅनडा आणि मग पुन्हा उत्तरेकडे! मामाच्या गावाला जाताना मुंबईमार्गे जावे तसे.

म्हणून सोयरीक जमवताना आपल्या बायका जे विचारतात ते मला फार शहाणपणाचे वाटते. किलोमीटर त्या विचारत नाहीत. गाडी किती ठिकाणी बदलावी लागते आणि परतीची शेवटची बस कितीला सुटते, एवढेच विचारतात.